एकाच नमुन्याची वेगवेगळी उत्तरे: मांजराच्या विष्ठातपासणीचा आढावा

मांजराच्या विष्ठेचा एक नमुना चार भागांत वाटून चार प्रयोगशाळांना पाठवला, तर चार वेगळी उत्तरे येऊ शकतात, आणि चौघांपैकी कुणाचीही चूक झालेली नसते. पहिली प्रयोगशाळा चिमूटभर विष्ठा काचपट्टीवर पसरून पाहते आणि 'काही आढळले नाही' असे कळवते. दुसरी साखरेच्या द्रावणात नमुना फिरवते आणि तिला गोलकृमीची दोन-तीन अंडी दिसतात. तिसरी अंडी शोधतच नाही. आतड्यातल्या कृमींनी सोडलेली प्रथिने ती तपासते, आणि गोलकृमीबरोबर अंकुशकृमीही आहे असे सांगते. चौथी जनुकीय चाचणी करते आणि जिआर्डियाची भर घालते. मांजर पाळणाऱ्याने यांतले कोणते उत्तर धरायचे आणि पशुवैद्याने कोणत्या उत्तरावर औषध द्यायचे, याविषयी गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात बरीच चर्चा चालू आहे. तिचा आजवरचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न.

उसन्या पद्धतींचा इतिहास

मांजराची विष्ठा आज ज्या पद्धतींनी तपासतात, त्यांतली जुनी पद्धत मांजरासाठी म्हणून क्वचितच निघाली. बहुतेकींचा जन्म माणसाच्या अंकुशकृमीमुळे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये कासिमिर दाव्हेन यांनी विष्ठेतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पोटातल्या जंतांचे निदान करता येते, हे दाखवले. इटलीत १८७८ साली ग्रासी आणि पारोना बंधूंनी तीच युक्ती अंकुशकृमीला लावली. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि वसाहतींमध्ये अंकुशकृमीविरुद्ध मोहिमा सुरू झाल्या. हजारो लोकांची तपासणी झटपट करायची होती आणि काचपट्टीवर विष्ठा पसरून ते होत नव्हते. म्हणून अंडी उरलेल्या घाणीतून वेगळी काढण्याचे उपाय शोधले गेले. कोफॉइड आणि बार्बर यांनी १९१८ साली मिठाच्या दाट पाण्यात अंडी तरंगवली आणि १९२१ साली विलिस यांनी ती रीत आणखी सोपी केली. १९२३ साली स्टोल यांनी अंडी मोजण्याची पद्धत दिली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या क्लेटन लेन यांनी १९२४ साली सेंट्रिफ्यूजच्या नळीवर थेट कव्हरस्लिप ठेवून तरंगणारी अंडी टिपण्याची रीत मांडली. आजची सेंट्रिफ्यूज पद्धत तिचीच वंशज आहे.

साखरेचे द्रावण १९२३ साली शीदर यांनी आणले. शीदर त्याआधी हिंदुस्थानात गुरांच्या रोगांवर काम करत होते आणि म्हशीच्या रक्तातल्या हिवतापाच्या परजीवीची पहिली नोंद त्यांच्याच नावावर आहे. प्राण्यांच्या विष्ठेतले एकपेशीय जीव आणि खरजेचे किडे पकडणे हा त्यांच्या द्रावणाचा हेतू होता. त्या दशकात सर्वत्र माणसाच्या जंतांचा बोलबाला असताना हे एक पशुवैद्यकीय पाऊल वेगळे उठून दिसते. १९३८ साली फाउस्ट आणि सहकाऱ्यांनी झिंक सल्फेट वापरले, तेही माणसाच्या आतड्यातल्या एकपेशीय जीवांच्या पुटिकांसाठी. डच ईस्ट इंडीजमध्ये बेअरमान यांनी १९१७ साली जी गाळणी तयार केली, ती मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या काढायला होती. ऑस्ट्रेलियात १९३९ साली गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी मॅकमास्टर मोजणी मेंढ्यांसाठी आखली. या सगळ्या पद्धती मांजराकडे उसन्या आल्या आहेत आणि आजचे बरेच मतभेद या उसनवारीत दडलेले आहेत, असे मला वाटते. मेंढी दिवसभर लेंड्या टाकते, माणूस मागितला की नमुना देतो. मांजर मात्र आपली विष्ठा माती किंवा लिटरमध्ये पुरते, आणि जी देते ती थोडी आणि कोरडी असते.

आपल्याकडे पशुपरजीवींचा अभ्यास काही उशिरा सुरू झालेला नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ ची. मुक्तेश्वरच्या संस्थेत काम केलेले जी. डी. भालेराव यांचा भारतातल्या पाळीव प्राण्यांच्या कृमींवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला. पण त्या काळी पशुवैद्यकाचे लक्ष गाय, म्हैस, घोडा, मेंढी या उपयोगाच्या जनावरांवर असायचे. मांजर रुग्ण म्हणून दवाखान्यात येऊ लागले ते बऱ्याच उशिरा, शहरांत ते घराच्या आत राहू लागल्यावर.

शोधायचे तरी काय?

पद्धतींची तुलना करण्याआधी, शोधायची वस्तू एक नाही हे लक्षात घ्यावे लागते. गोलकृमी टॉक्सोकारा कॅटीचे अंडे साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनचे, जाड कवचाचे आणि बाहेरून खड्डेदार. ते तसे सहज ओळखू येते. अंकुशकृमीचे अंडे पातळ कवचाचे, आत काही पेशी असलेले. सिस्टोआयसोस्पोरा फेलिसची युग्मपुटी ४० मायक्रॉनच्या आसपास असते. जिआर्डियाची पुटी दहा-बारा मायक्रॉनची, टॉक्सोप्लाझ्माची तेवढीच, आणि क्रिप्टोस्पोरिडियमची जेमतेम पाच. त्यात काही जीव अंडी वा पुट्या टाकतच नाहीत. ट्रायट्रायकोमोनास फीटस हा एकपेशीय जीव जिवंत, हलत्या रूपातच विष्ठेत येतो. फुप्फुसातला कृमी एल्युरोस्ट्रॉन्गिलस अळ्या सोडतो. पिसवांमार्फत पसरणारा पट्टकृमी डिपिलिडियम अंडी मोकळी सोडत नाही, अख्खे तुकडे गुदद्वारातून बाहेर पाठवतो. वाळलेले तुकडे तांदळाच्या दाण्यासारखे शेपटीखाली किंवा अंथरुणावर दिसतात. त्यामुळे डिपिलिडियमच्या बाबतीत प्रयोगशाळेपेक्षा घरातल्या माणसाची नजर बहुधा जास्त उपयोगी ठरते.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. टॉक्सोकारा कॅटीची अंडी पोटात गेल्यापासून त्यांच्यातून वाढलेल्या माद्या अंडी टाकू लागेपर्यंत सुमारे आठ आठवडे जातात. अंकुशकृमीला तीन-चार आठवडे लागतात. या अवधीत कृमी आतड्यात असतात, पिल्लाला त्रासही देतात, पण विष्ठेत अंडे नसते. टॉक्सोकारा कॅटी आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना तपासणीची वाट न पाहता जंतनाशक द्यावे, असा सल्ला युरोपातल्या तज्ज्ञ मंडळाने दिला आहे. या एका मुद्द्यावर फारसे कुणी भांडत नाही.

तरंगवण्याचे शास्त्र

थेट काचपट्टी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमकुवत पद्धत. तीत जेमतेम दोन मिलिग्रॅम विष्ठा पाहिली जाते. एक ग्रॅम विष्ठा तरंगवली तर त्याच्या पाचशेपट नमुना नजरेखालून जातो. थेट काचपट्टीचा खरा उपयोग ताज्या, पातळ विष्ठेत हलणारे एकपेशीय जीव पाहण्यापुरता आहे, आणि तो टिकून आहे.

तरंगवण्यामागचे तत्त्व साधे आहे. बहुतेक अंड्यांची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते. त्यांच्याहून दाट द्रावण घेतले की अंडी वर येतात आणि बरीचशी घाण खाली बसते. मिठाच्या संतृप्त द्रावणाची घनता साधारण १.२० असते. झिंक सल्फेटचे १.१८ आणि शीदरच्या साखरेचे सुमारे १.२७ ठेवतात. ४५४ ग्रॅम साखर ३५५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात थोडे फॉर्मेलिन घातले की साखरेचे द्रावण तयार होते. मीठ आपल्याकडे सर्वत्र मिळते. पण ते लवकर स्फटिकरूप होते, पातळ कवचाच्या अंड्यांना सुरकुत्या पाडते आणि जिआर्डियाच्या पुट्या आक्रसवून टाकते. साखर चिकट असली तरी अंडी धरून ठेवते. झिंक सल्फेट जिआर्डियासाठी सर्वांत सोयीचे. कोणतेही द्रावण घेतले तरी घनतामापक बुडवून ते वेळोवेळी तपासायला हवे, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते.

खरा वाद द्रावणापेक्षा सेंट्रिफ्यूजचा आहे. नळी नुसती उभी ठेवून अंडी आपोआप वर येण्याची वाट पाहायची, की मिनिटाला बाराशे ते पंधराशे फेऱ्यांच्या वेगाने पाच मिनिटे फिरवून घ्यायचे? २००५ साली कॅन्सास स्टेट विद्यापीठात मायकेल ड्रायडन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या विष्ठेवर या पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. तीत थेट काचपट्टीने बहुतांश वेळा अंडी हुकली, नुसत्या तरंगवण्याने काही हुकली, आणि साखरेबरोबर सेंट्रिफ्यूज वापरल्यावर सर्वांत कमी हुकली. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांनीही सेंट्रिफ्यूजलाच पसंती दिली. विरोधी बाजूचे म्हणणे व्यावहारिक आहे. लहान दवाखान्यात रक्तासाठी ठेवलेल्या सेंट्रिफ्यूजच्या नळ्या फिरताना तिरप्या राहतात, त्यांवर कव्हरस्लिप ठेवता येत नाही, आणि वेगळे यंत्र घेणे परवडत नाही. यावर तोडगा आहे. फिरवून झाल्यावर नळी उभ्या स्टँडमध्ये ठेवून काठोकाठ भरायची, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि दहा मिनिटे थांबायचे. किंवा वरचा थर तारेच्या फाशाने उचलून काचेवर घ्यायचा. मला वाटते सेंट्रिफ्यूजच्या बाजूचा पुरावा आता इतका स्पष्ट आहे की त्यावर वाद लांबवण्यात अर्थ नाही. उरला आहे तो सवयीचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट मांजराच्या बाबतीत वारंवार समोर येते. मांजर अंग चाटते, उंदीर-पाली खाते आणि गवत चघळते. त्यामुळे त्याच्या विष्ठेत परागकण, बुरशीचे बीजाणू, उंदराचे परजीवी आणि गांडुळातले परजीवी असे पाहुणे येतात, आणि ते मांजराचे रोग समजले जातात. पण याच सवयीमुळे कधी कधी उलट फायदाही होतो. डेमोडेक्स गॅटोई हा त्वचेचा किडा त्वचा खरवडून सापडला नाही, तरी मांजराने चाटून गिळलेला विष्ठातपासणीत दिसू शकतो.

जे तरंगत नाही

काही अंडी इतकी जड असतात, किंवा त्यांना झाकणासारखा भाग असल्यामुळे दाट द्रावणात इतकी चेपतात, की ती तरंगवून उपयोग नाही. यकृताच्या पित्तनलिकांत राहणारा प्लॅटिनोसोमम हा चपटा कृमी पाल खाल्ल्याने मांजराला लागतो. त्याची छोटी तपकिरी अंडी गाळ बसवून शोधावी लागतात. रिची यांची १९४८ ची फॉर्मेलिन-ईथर पद्धत यासाठी चांगली, पण ईथरचा ज्वालाग्राही स्वभाव पाहता लहान दवाखान्यात ती कुणी करत नाही. या अंड्यांसाठी सर्वांत चांगली पद्धत सर्वांत कमी वापरली जाते, हे या क्षेत्रातले एक नेहमीचे दुखणे आहे.

फुप्फुसाच्या कृमीसाठी बेअरमानची गाळणी अजूनही पहिली निवड आहे. दहाएक ग्रॅम ताजी विष्ठा कापडात बांधून कोमट पाण्यात लोंबकळत ठेवायची. अळ्या सरपटत बाहेर येतात, पोहू शकत नसल्याने तळाशी जमतात, आणि दुसऱ्या दिवशी पाहिल्या जातात. एल्युरोस्ट्रॉन्गिलसच्या अळीची शेपटी इंग्रजी एससारखी वळलेली असते आणि तिच्यावर छोटा काटा असतो, त्यावरून ती ओळखतात. अट एकच, विष्ठा ताजी हवी. उन्हाळ्याच्या दिवसांत दीड-दोन दिवस बाहेर राहिलेल्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या निघतात, आणि घाईत त्या अळ्या भलत्याच परजीवीच्या समजल्या जातात.

ट्रायट्रायकोमोनासची कथा वेगळ्या तऱ्हेची आहे. हा जीव गुरांच्या गर्भपातासाठी प्रसिद्ध होता. जुनाट जुलाब होणाऱ्या मांजरांत दिसणारा जीव हाच आहे, हे २००३ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाले. २००४ साली जोडी गुकिन आणि सहकाऱ्यांनी एका आंतरराष्ट्रीय मांजर प्रदर्शनातल्या ११७ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३६ मांजरांत, म्हणजे ३१ टक्क्यांत, हा जीव होता. थेट काचपट्टीवर त्यातली मोजकीच मांजरे सापडली. बैलांच्या तपासणीसाठी बनवलेल्या संवर्धन-पिशवीत त्याहून जास्त सापडली, आणि जनुकीय चाचणीत सर्वांत जास्त. इथे नमुना थंड करून चालत नाही, कारण फ्रिजमध्ये हा जीव मरतो. अंकुशकृमीच्या अंड्यांना फ्रिज हवा, या जीवाला नको. त्यामुळे 'नमुना कसा आणायचा' या प्रश्नाचे एकच उत्तर पाळणाऱ्याला देता येत नाही. आधी वैद्याला काय शंका आहे ते ठरावे लागते. काचपट्टीवर जिआर्डिया आणि हा जीव एकमेकांसारखे वाटू शकतात, आणि चालीवरून फरक ओळखणे हे अनुभवी डोळ्यांचे काम आहे.

अंड्यांच्या गर्दीत न दिसलेली पुटी

या विषयाचा इतिहास सांगताना टॉक्सोप्लाझ्मा वगळता येत नाही. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांनी गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात हा जीव पाहिला. पण तो पसरतो कसा, हे पुढची जवळजवळ साठ वर्षे कळले नव्हते. १९६५ साली ग्लासगोत विल्यम हचिसन यांनी दाखवले की बाधित उंदीर खाल्लेल्या मांजराच्या विष्ठेतून हा संसर्ग पसरतो. त्या मांजरांत टॉक्सोकारा कॅटीही होता. तरंगवून काढलेल्या थरात गोलकृमीची अंडी होती आणि संसर्गाची क्षमताही होती. म्हणून हचिसन यांनी अनुमान केले की टॉक्सोप्लाझ्मा गोलकृमीच्या अंड्यात बसून प्रवास करतो. अनुमान तर्कशुद्ध होते, आणि चुकीचे निघाले. गोलकृमी नसलेल्या मांजरांनीही संसर्ग पसरवला. १९६९ साली फ्रेंकेल, दुबे आणि मिलर यांनी संसर्गक्षम कण चाळून गोलकृमीच्या अंड्यांपासून वेगळे करता येतात हे दाखवले, आणि १९७० पर्यंत अनेक गटांनी मिळून विष्ठेतली ती दहा-बारा मायक्रॉनची युग्मपुटी शोधून काढली. यातले जितेंद्र दुबे हे महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी टॉक्सोप्लाझ्मावर आयुष्यभराचे काम केले.

सहा-सातपट मोठ्या अंड्यांकडे लक्ष असताना तीच काच पाहणाऱ्यांना पुटी दिसत असूनही 'दिसली' नाही. पण आजच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ओळखीची पद्धत सापडूनही टॉक्सोप्लाझ्माची विष्ठातपासणी रोजच्या वापरात आली नाही. मांजर या पुट्या लाखोंनी टाकते, पण आयुष्यात बहुधा एकदाच, आठवडा-दोन आठवडे. कोणत्याही दिवशी पाहिले तर एक टक्क्याहून कमी मांजरे पुट्या टाकत असतात. शिवाय हॅमोंडिया हॅमोंडी या निरुपद्रवी भावंडाच्या पुट्या हुबेहूब तशाच दिसतात. म्हणून घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजराची विष्ठा तपासून दिलासा मिळत नाही. या पुट्या संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे लिटर रोजच्या रोज साफ करणे आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करणे, यालाच अर्थ आहे. विज्ञानाच्या दृष्टीने पूर्णपणे शक्य असलेली चाचणी व्यवहारात निरुपयोगी ठरावी, असे उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

कृमीची खूण, आणि नंतर जनुके

साधारण २०१४ साली अमेरिकेतल्या आयडेक्स कंपनीने कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतली कृमी-प्रथिने शोधणारी चाचणी बाजारात आणली. सुरुवात गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यापासून झाली, आणि पुढे पट्टकृमीची भर पडली. समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. ही प्रथिने कृमी स्वतः सोडतात, अंडी नव्हेत. म्हणून कृमी अंडी टाकू लागण्याआधी, किंवा आतड्यात केवळ नरच असले तरी, चाचणी बाधा ओळखते. उलट, उंदीर खाल्ल्याने किंवा दुसऱ्याची विष्ठा चाटल्याने पोटातून नुसती जाणारी अंडी तिला फसवत नाहीत. नळीत फिरवून दिसलेल्या अंड्यांवर औषध दिल्यावरही ती दिसत राहिली, तर औषध चालले नाही की मांजर रोज बाहेरून तीच अंडी गिळत आहे, हे कळायला प्रथिन-चाचणीचा खरा उपयोग होतो.

आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. प्रथिन सापडले पण अंडी दिसली नाहीत, तर ती बाधा अजून अंडी न टाकणारी आहे, की चाचणी चुकली आहे? दोन्ही शक्य आहेत, आणि एका नमुन्यावरून ठरवता येत नाही. जिआर्डियाच्या प्रथिन-चाचणीत तर आणखी एक अडचण आहे. उपचारानंतरही ती काही आठवडे सकारात्मक येत राहते, आणि मांजराला आणखी एक फेरी औषधे मिळतात. यादीबाहेरचे काहीही ती पाहत नाही, हेही आलेच. सूक्ष्मदर्शकात शोध गोलकृमीचा असला तरी प्लॅटिनोसोमम दिसू शकतो, निदान तत्त्वतः.

जनुकीय चाचण्यांनी हा वाद पुढे नेला. २०२२ च्या सुमारास अमेरिकेत एकाच नमुन्यातून वीसएक परजीवी शोधणारी एकत्रित चाचणी उपलब्ध झाली. जिआर्डियाचे नुसते अस्तित्व नव्हे, तर त्याचा गट कोणता हेही ती सांगू शकते, आणि ते महत्त्वाचे आहे. मांजरांपुरता मर्यादित असणारा एफ गट आढळला तर माणसांना धोका फारसा नाही. ए किंवा बी गट आढळला तर घरातल्या लहान मुलांविषयी बोलायला हवे. सूक्ष्मदर्शकाखाली हे गट एकसारखेच दिसतात.

मग सर्वांनी जनुकीय चाचणीच का करू नये? विरोधी बाजू तीन गोष्टी दाखवते. पहिली, नमुन्याचे आकारमान. तरंगवताना दोन-तीन ग्रॅम विष्ठा घेतात, जनुकीय चाचणीत बहुधा ग्रॅमच्या एक-पंचमांशाइतकी. जिआर्डिया रोज सारखा बाहेर पडत नाही, आणि अंडीही विष्ठेत सर्वत्र सारखी नसतात. दुसरी, विष्ठेतले पित्तक्षार आणि इतर पदार्थ अभिक्रियेत अडथळा आणतात, शिवाय गोलकृमीच्या अंड्याचे कवच इतके चिवट की ते फोडल्याशिवाय आतले जनुक मिळत नाही. तिसरी सर्वांत अवघड: जनुक सापडणे म्हणजे आजार नव्हे. निरोगी मांजरात सापडलेल्या जिआर्डियावर उपचार करावा की नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि चाचणी जितकी संवेदनशील, तितका हा पेच वारंवार समोर येतो. ट्रायट्रायकोमोनासच्या बाबतीत मात्र जनुकीय चाचणी जुन्या पद्धतींपेक्षा निर्विवाद सरस आहे, याला फारसे कुणी आव्हान देत नाही.

यंत्राचा डोळा

२०२० साली झोएटिस कंपनीची एक प्रणाली आली. ती काचपट्टीचे अंकीय चित्र घेते आणि संगणकाला शिकवलेल्या प्रतिमांच्या आधारे अंडी ओळखते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात यंत्राची उत्तरे परजीवीतज्ज्ञांच्या उत्तरांशी बऱ्यापैकी जुळली. दवाखान्यात अंडी ओळखण्याचा अनुभव असलेली माणसे कमी होत चालली आहेत, आणि यंत्र ती पोकळी भरते, हा या बाजूचा युक्तिवाद. प्रश्न असा की यंत्र तेच ओळखते जे त्याला दाखवले गेले आहे. उत्तर अमेरिकेतल्या मांजरांवर शिकलेल्या यंत्राला आपल्याकडच्या मांजरांतले सर्व परजीवी ओळखू येतील, हे गृहीत धरता येणार नाही. शिवाय यंत्रापर्यंत पोहोचणारी काच तरंगवूनच बनवलेली असते. ती वाईट बनवली असेल, तर यंत्रही त्यातून काही काढू शकत नाही. तज्ज्ञाने शंकास्पद प्रतिमा पाहण्याची सोय ठेवणे हा मधला मार्ग सध्या बहुतेक ठिकाणी स्वीकारला जातो.

अजून न सुटलेले

सर्वांत मूळचा प्रश्न तुलनेचा आहे. कोणती पद्धत किती हुकते, हे सांगायला खरी बाधा माहीत असावी लागते. ती नक्की फक्त शवविच्छेदनात कळते, आणि पाळलेल्या मांजराच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. म्हणून बहुतेक तुलना दोन अपूर्ण चाचण्यांमधली आहे. एका पद्धतीला मानक धरून दुसरीचे दोष काढले, की मानकाचे दोष दुसरीच्या माथी जातात. ज्यात कोणतीही पद्धत पूर्ण बरोबर धरलेली नाही, अशी संख्याशास्त्रीय विश्लेषणे अलीकडे वाढली आहेत. तीही आकडेमोडीतल्या गृहीतकांवर उभी आहेत. जनुकीय व प्रथिन चाचण्यांवरचे बरेच अभ्यास त्या चाचण्या विकणाऱ्या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी केले आहेत, याची नोंद वाचकाने ठेवावी. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते पुन्हा तपासण्याची गरज मात्र वाढते.

दुसरा प्रश्न अंडी मोजण्याचा. मेंढ्यांत प्रति ग्रॅम किती अंडी आहेत, यावर औषधाचा परिणाम मोजतात. कुत्र्यांच्या अंकुशकृमीत अमेरिकेत अनेक औषधांना दाद न देणारे प्रकार आढळू लागल्यापासून मोजणी पुन्हा चर्चेत आली आहे. मांजरांच्या कृमीत तसे काही घडते आहे का, हे पाहायचे तर उपचाराआधी आणि नंतर अंडी मोजावी लागतील. ते काम मॅकमास्टरच्या सामान्य पेटीत अवघड आहे, कारण तिच्या नेहमीच्या मापात एक अंडे म्हणजे प्रति ग्रॅम पन्नास अंडी. इटलीत विकसित झालेल्या मिनी-फ्लोटॅकमध्ये हीच मर्यादा पाच अंड्यांपर्यंत खाली येते. पण मांजरासाठी किती घट म्हणजे औषध लागू पडले, याचे सर्वमान्य माप अजून नाही.

तिसरा प्रश्न आपल्याकडचा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच लहान शहरांत मांजराची विष्ठा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाते. तिथल्या तंत्रज्ञाचा हात माणसाच्या परजीवींवर बसलेला असतो. टॉक्सोकारा कॅटी त्याने पाहिलेला असण्याची शक्यता कमी, आणि 'ओव्हा, सिस्ट आढळले नाहीत' हा शेरा ठरलेला. म्हणून अनेक पशुवैद्य तपासणीच वगळून तिमाही जंतनाशक देतात, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. औषध तपासणीपेक्षा स्वस्त पडते, आणि घराबाहेर हिंडणाऱ्या मांजराला जंत असण्याची शक्यता मुळात जास्त असते. पण या पद्धतीत फुप्फुसकृमी, पित्तनलिकेतला चपटा कृमी आणि ट्रायट्रायकोमोनास तिन्ही निसटतात, कारण नेहमीच्या गोळीतली औषधे त्यांच्यावर चालत नाहीत किंवा त्या मात्रेत पुरेशी नसतात. जुनाट जुलाब, कावीळ किंवा खोकला असलेल्या मांजराला तिसऱ्यांदा तीच गोळी देण्याआधी तीन दिवसांच्या वेगवेगळ्या विष्ठेवर झिंक सल्फेट आणि सेंट्रिफ्यूज, आणि लक्षणांप्रमाणे बेअरमान किंवा गाळ-पद्धत, एवढे करणे बहुतेक जिल्हा ठिकाणी आजही शक्य आहे. त्याला लागणारे साहित्य साखर, झिंक सल्फेट, घनतामापक, सेंट्रिफ्यूज आणि चांगल्या काचांचा सूक्ष्मदर्शक एवढेच. जनुकीय चाचणीसाठी नमुना पाठवायचा असेल, तर तो फॉर्मेलिनमध्ये न ठेवता अल्कोहोलमध्ये ठेवून मोठ्या शहरात पाठवावा लागतो. त्याचा खर्च कुणी उचलायचा, हे सध्या तरी मांजराच्या मालकावर सोडलेले आहे.